सुताचा ओनामा

नागपूर-वऱ्हाडचा मुलूख हा कापसाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास वर्धेच्या वाटेनें जाऊं लागावें, तों दोहों बाजूंस काळ्या जमिनींत पांढरीं बोंडें फुटलेलीं दिसतात. असें असून आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून कापसाशीं प्रत्यक्ष संबंध किती उरला आहे हें पाहूं गेल्यास मन खट्टू झाल्यावांचून राहत नाहीं. औषधाच्या दुकानांतील निळ्या कागदांत गुंडाळलेला कापूस आणि देवघरांतील वातींची पुडी, एवढीच काय ती आमची ओळख. वातीहि आतां बाजारांतून तयार येतात. अंगावरील वस्त्राचा उभा धागा कोणता व आडवा कोणता, त्याचें सूत कोणत्या अंकाचें, हें सांगूं शकणारें माणूस दहा घरांत एक तरी सांपडेल कीं नाहीं याची शंकाच आहे.

तथापि सूत कातावयास आरंभापासून शिकावें, अशी इच्छा अलीकडे अनेक घरांतून व्यक्त होऊं लागली आहे. कोणास मुलांच्या हातांस कांहीं उद्योग हवा असतो. कोणास नोकरींतून निवृत्त झाल्यावर वेळ सत्कारणीं लावावयाचा असतो. कित्येक सुनांना क्रोशाचें किंवा सुयांवरचें विणकाम उत्तम येत असतें, पण ज्या धाग्यानें विणावयाचें तो धागा कसा होतो हें जाणण्याची हौस असते. या सर्वांच्या सोयीसाठीं आम्हीं हा विषय प्रस्तुत महिन्यांत घेतला आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही विद्या आपल्या घरांना परकी नाहीं. कापसाचीं दोन कामें आपल्या घरांत परंपरेनें चालत आलीं. एक जानव्याचें व दुसरें वातींचें. जानव्याचें सूत चातीवर काढीत, आणि पुष्कळ घरांतून हें काम वडीलधारे पुरुष करीत. सोप्यावर बसून आजोबा चाती फिरवीत आहेत, हें दृश्य आपल्या आजेपणजांच्या पिढीस नित्याचें होतें. वाती, फुलवाती व देवाचीं कापसाचीं वस्त्रें हें काम बायकांचें, तें माजघरांत चाले. चातुर्मासांत लक्ष वातींचा नेम असला म्हणजे तर घरांतील सगळ्या बायका दुपारीं कापूस घेऊन बसत.

आतां या दोन कामांकडे जरा बारकाईनें पाहावें. वाती वळणारी बाई कापसांतली सरकी हातानें काढते, बोटांनीं विंचरून कापूस मोकळा करते, मग चिमटींत धरून ओढतां ओढतां त्याला पीळ देते. चातीवर सूत काढणारा याहून निराळें काय करतो? तोहि ओढतो आणि पीळ देतो. भेद इतकाच कीं, त्याचा पीळ बोटांऐवजीं चाती देते, त्यामुळें धागा लांबत जातो व तिच्याच दांडीवर गुंडाळतां येतो. एकाच घरांत एकच कला सोप्यावर एका नांवानें आणि माजघरांत दुसऱ्या नांवानें नांदत होती. मधल्या भिंतीमुळें एकीला विद्या म्हणत आणि दुसरीला दुपारचा चाळा. कापूस हाताळण्याचें खरें ज्ञान पुष्कळदां घरांतल्या एखाद्या विधवा आत्याबाईंपाशीं किंवा काकूंपाशीं असे. मंगल कार्यांत त्यांना पुढें येऊं देत नसत, म्हणून एका कोपऱ्यांत वातींची परडी त्यांच्या स्वाधीन केलेली असे. त्यांच्या बोटांत जें होतें तें लिहून ठेवावें असें कोणास वाटलें नाहीं. आज ज्या घरीं अशी कोणी वृद्ध स्त्री अद्याप असेल, त्या घरानें शिकवणीसाठीं बाहेर धांवण्यापूर्वीं तिच्यापुढें जाऊन बसावें, ही आमची पहिली सूचना आहे.

हा धंदा किती जुना आहे हें सांगावयास लांब जावें लागत नाहीं. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील नेवासें येथील उत्खननांत सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका माळेच्या दोऱ्याचे अवशेष सांपडले. त्यांत कापसाचे व रेशमाचे तंतु असल्याचें तज्ज्ञांनीं दाखवून दिलें आहे. ज्या भूमींत एवढ्या जुन्या काळीं दोरा वळला जात होता, तेथें आम्ही नव्यानें ओनामा गिरवीत आहों, हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

नवशिक्या प्रौढ माणसास मुलांसमोर टकळी हातांत धरण्याचा संकोच वाटतो. त्यानें गांधीजींचें उदाहरण डोळ्यांसमोर आणावें. १९०९ सालीं 'हिंद स्वराज्य' लिहितांना त्यांनीं हातमागाचा व चरख्याचा पुरस्कार केला, परंतु १९१५ सालीं हिंदुस्थानांत परत आले तोंपर्यंत त्यांनीं चरखा प्रत्यक्ष पाहिलाहि नव्हता; आपल्या आत्मचरित्रांत त्यांनींच तसें सांगितलें आहे. पुढें गंगाबेन मजमुदार या बाईंनीं पुष्कळ शोध करून बडोदें संस्थानांतील विजापूर येथें चरखे हुडकून काढले. ते माळ्यावर धूळ खात पडले होते. बायका म्हणाल्या, कोणी पेळू पुरवील आणि सूत घेईल तर आम्ही कातूं. प्रथम मुंबईच्या गिरणींतून पेळू आणविले. पण गिरणीच्या पेळवांवर हातसूत काढण्यांत काय अर्थ, असें वाटून अखेर पिंजाऱ्याचा शोध करावा लागला. या गोष्टींत नवशिक्यास एक मोठा धडा आहे. चरखा मिळणें सोपें आहे. चांगला पेळू मिळणें कठीण. सूत बिघडलें म्हणजे आपण हातास दोष देतों, परंतु दहांपैकीं निम्म्या वेळां दोष पिंजण्याचा असतो.

दुसरा धडा आपल्या प्रांतांतला आहे. १९२० च्या डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसनें हातसुताचा व हातमागाचा पुरस्कार केला. १९२३ सालीं ज्या निशाणासाठीं नागपुरांत झेंडा सत्याग्रह झाला, त्यावर चरख्याचेंच चित्र होतें. १९२४ च्या अखेरीस बेळगांवास काँग्रेसनें सभासदत्वासाठीं दरमहा २,००० वार सुताची अट घातली. उत्साह दांडगा होता, पण ज्यास स्वतः कातावयाची इच्छा नसेल त्यानें दुसऱ्यानें कातलेलें सूत द्यावें अशी सवलतहि होती, आणि पुष्कळांनीं ती घेतली. वर्षाच्या आंतच, १९२५ च्या सप्टेंबरांत, पाटण्यास ती अट सैल करावी लागली आणि सुताचें काम त्याच वेळीं स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाकडे गेलें. भाड्यानें कातविलेल्या सुतानें कातणारा तयार होत नाहीं, हें त्या एका वर्षानें दाखवून दिलें. घरांतहि वडिलांनीं हुकूम सोडावा आणि मुलांनीं मुकाट्यानें टकळी फिरवावी, असें केल्यास तीच गत होईल.

याच सुमारास नागपुरापासून दोन तासांच्या वाटेवर वर्धेस काम मुळापासून चाललें होतें. विनोबा भावे १९२१ सालीं वर्धेस आले. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन मगनवाडींत त्याचें ठाणें पडलें. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धेस शिक्षण परिषद भरली व हातांच्या उद्योगाभोंवतीं सारें शिक्षण गुंफण्याचा विचार पुढें आला, पुढें डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें अभ्यासक्रम आंखला, त्यांत सूतकताईला मोठें स्थान होतें. १९३८ च्या डिसेंबरांत उघडलेलें मगन संग्रहालय अद्याप वर्धेस आहे. सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन सेवाग्रामास जाणाऱ्या कुटुंबांनीं परततांना तेथें तासभर घालवावा. नानाविध चरखे एके ठिकाणीं पाहिले म्हणजे पुस्तकांतलीं दहा पानें वाचण्याचा खटाटोप वांचतो.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

पहिला आठवडा चरख्याला हात लावूं नये. सरकीसह कापूस, ज्यास आपण कपाशी म्हणतों, तो अर्धा शेर मिळवावा. शेतकऱ्याशीं ओळख असल्यास त्याच्याकडून घ्यावा व तो कोणत्या वाणाचा हें विचारून घ्यावें. पूर्वीं आपल्याकडील गावराणी कापसाचा तंतु आंखूड व जाडसर असे. २००२ नंतर विदर्भांत बहुतेक लागवड बी. टी. जातीच्या संकरित कापसाची होऊं लागली आणि त्याचा तंतु पुष्कळ लांब असतो. हें जाणणें केवळ कुतूहलाचें नाहीं. तंतु जितका आंखूड तितका पीळ अधिक द्यावा लागतो. लांब तंतूचें सूत थोड्या पिळांतहि टिकतें. म्हणून नवशिक्यानें लांब तंतूचा कापूस घ्यावा. वाणांविषयीं अधिक जाणण्याची ज्यांस हौस असेल त्यांना नागपुरांतच साधन आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून येथेंच आहे.

लांकडी पाटीवर थोडा कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई दाबून पुढें फिरवावी, म्हणजे सरकी पुढें निसटते आणि रुई मागें राहते. हें काम लहान मुलांना फार आवडतें. तीन भाग कपाशींतून साधारण एक भाग रुई निघते, हा हिशेब मुलांना तराजू देऊन त्यांच्याकडूनच करवावा. नंतर रुई बोटांनीं विंचरून केरकचरा व गांठी काढाव्या. पिंजण हें निराळें कसब आहे; धनुकलीच्या तांतीचा झणत्कार काढणारे पिंजारी एके काळीं दारोदार फिरत, आतां क्वचित् दिसतात. घरीं थोडक्या कापसापुरतें बोटांनीं विंचरणेंहि चालतें. मोकळ्या झालेल्या रुईचा पातळ थर पाटीवर पसरून, त्यावर गुळगुळीत काडी ठेवून हलक्या हातानें गुंडाळावें आणि काडी काढून घ्यावी. हा झाला पेळू. तो दाबून घट्ट करूं नये. उजेडापुढें धरला असतां आंत गांठी दिसल्या तर तो पुन्हां मोडावा.

दुसऱ्या आठवड्यांत टकळी घ्यावी. टकळी म्हणजे धातूची बारीक दांडी, खालीं पितळेची चकती, वर एक आंकडी. आधीं तयार सुताचा हातभर दोरा दांडीला बांधून आंकडींत अडकवावा आणि त्याच्या टोंकास पेळवाचे चार तंतु लावून उजव्या हातानें टकळी फिरवावी. पीळ दोऱ्यावरून चढत पेळवांत शिरतो व तंतु धरून घेतो. डावा हात पेळू घेऊन हळूहळू वर सरकतो, उजवा टकळी फिरवितो. कातणें, पीळ पुरता करणें व गुंडाळणें अशा तीन क्रिया आहेत. आरंभीं त्या सुट्या कराव्या; एकदम करूं गेल्यास तिन्ही बिघडतात.

नवशिक्याच्या अडचणी ठरलेल्या असतात, म्हणून त्यांचीं कारणें येथें देतों. धागा हातांतच सुटून दोन टोंकें मऊ राहिलीं, तर पीळ कमी पडला. धागा ताडकन् तुटला आणि सैल सोडतांच वळवळून त्याच्या आढ्या पडल्या, तर पीळ जास्त झाला. धाग्याला सापानें बेडूक गिळल्यासारखी जाडी आली, तर डाव्या हाताची चिमटी वेळेवर सुटली नाहीं आणि पीळ आंत शिरून तंतु ओढले जाण्यापूर्वींच आंवळले गेले. पातळ जागीं पीळ आधीं धांवतो व जाड जागीं कमी पोंचतो, हें एक सूत्र लक्षांत ठेवलें म्हणजे निम्म्या अडचणींचा उलगडा आपला आपणच होतो. सांधा करतांना तुटक्या टोंकाचा पीळ थोडा उकलून तंतु मोकळे करावे आणि मग पेळवावर ठेवावे. गांठ मारूं नये.

टकळीवर सलग व सारखें सूत येऊं लागलें म्हणजे चरख्यावर यावें. घरांत जागा थोडी असल्यास पेटी चरखा बरा. तो येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं केलेल्या प्रयोगांतून १९३० नंतर रूढ झाला, म्हणून त्यास येरवडा चक्र असेंहि म्हणत. मोठें चाक लहान चाकास आणि लहान चाक चातीस फिरवितें, त्यामुळें एवढ्याशा पेटींत पुरेसा वेग मिळतो. माळ फार ताणूं नये, चातीच्या टोंकास तेलाचा थेंब द्यावा आणि चाती सरळ आहे कीं नाहीं हें रोज पाहावें. वांकडी चाती चांगल्या हाताचेंहि सूत बिघडविते.

पहिल्या दोन महिन्यांचें सूत जाडेंभरडें होतें. तें टाकूं नये. विणतांना उभ्या धाग्यास ताण सोसावा लागतो आणि फणीचें घर्षणहि. आडव्या धाग्यावर तितका भार येत नाहीं. म्हणून नवशिक्याचें सूत आडव्यासाठीं वापरून त्याचें आसन किंवा पंचा विणून घेतां येतो. नाड्या, गोधडीचा दोरा, समईच्या वाती यांसहि तें चालतें. विणकामासाठीं हवें असल्यास पीळ सौम्य ठेवावा, नाहींतर विणलेला भाग एका अंगास कलतो.

येथें जानव्याकडे पुन्हां एकदां पाहण्यासारखें आहे. चार बोटांभोंवतीं ९६ वेढे मोजून घेतलेलें सूत तिपदरी करून पिळतात आणि तें पुन्हां तिपदरी करून पिळतात. असे नऊ तंतु होतात. या प्रत्येक वेळीं पिळाची दिशा बदलते. ठिकठिकाणच्या चालींत थोडाफार फरक असेल, परंतु तत्त्व एकच. एकेरी धागा सैल सोडला कीं उलगडूं पाहतो. दोन-तीन धागे उलट दिशेनें एकत्र पिळले म्हणजे एकाचें उलगडणें दुसऱ्यास आंवळतें आणि दोरा स्थिर होतो. दोर वळणारा अंबाडीच्या दोराला हेंच करतो व गिरणींतला शिवणाचा दोराहि असाच होतो. मुंजीच्या वयाच्या मुलास हें एकदां हातानें करूं द्यावें. विधीचा अर्थ गुरुजी सांगतील, दोऱ्याचा अर्थ त्याला स्वतःच कळेल. आणि ती मुलाची बहीण असली तर तिलाहि तो धागा कातूं द्यावा. तंतूला कातणाराची जात किंवा लिंग कळत नाहीं.

आतां थोडा हिशेब मांडूं. कारण कातण्याचा खरा विचार हिशेबापाशीं सुरू होतो. नऊवारी लुगडें घ्या. लांबी ९ वार, पन्हा ४८ इंच आणि इंचास ४० उभे व ४० आडवे धागे धरूं. उभे धागे १,९२० झाले. प्रत्येक ९ वारांचा, म्हणून १७,२८० वार. आडवे धागे १२,९६०. प्रत्येक ४८ इंचांचा, म्हणून तेहि १७,२८० वार. एकूण सूत ३४,५६० वार. चरखा संघाच्या मापानें ४ फुटांची एक तार, १६० तारांची लटी आणि ४ लट्यांची म्हणजे ६४० तारांची गुंडी. एका गुंडींत सुमारें ८५३ वार येतात, तेव्हां या एका लुगड्यास साडेचाळीस गुंड्या, म्हणजे १६२ लट्या लागल्या. रोज नेमानें एक लटी कातणाऱ्यास साडेपांच महिने पाहिजेत. यांत विणतांना आटणारें व वायां जाणारें सूत धरलेलें नाहीं. सूत २० अंकाचें असल्यास त्याचें वजन दोन पौंडांहून थोडें अधिक भरेल. म्हणजे ज्यासाठीं साडेपांच महिने गेले तें एका हातानें सहज उचलतां येतें.

हा हिशेब वाचून कोणी म्हणेल, मग हा खटाटोप कशाला? आक्षेप नवा नाहीं व हलकाहि नाहीं. १८७७ च्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल याच नागपुरांत सुरू झाली ती कापूस जेथें पिकतो तेथेंच सूत निघावें या विचारानें. रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९२५ सालीं चरख्याच्या पंथावर कठोर टीका केली. सर्वांनीं एकच यांत्रिक क्रिया करीत बसावें यानें बुद्धि मंदावते, असा त्यांचा रोख होता. खुद्द चरखा संघासहि वेगाचा प्रश्न टाळतां आला नाहीं. १९२९ सालीं, आठ तासांत १६,००० वार सूत काढील व दीडशें रुपयांच्या आंत मिळेल अशा चरख्यास एक लाख रुपयांचें बक्षीस लावलें होतें. तें कोणासहि मिळालें नाहीं. पुढें तामिळनाडचे एकांबरनाथ यांनीं अनेक चात्यांचा चरखा केला, तो त्यांच्या नांवावरून अंबर चरखा म्हणून १९५० नंतर देशभर गेला.

आमचें म्हणणें असें आहे कीं, पांढरपेशा कुटुंबानें पोटासाठीं किंवा देशाचें दारिद्र्य आपल्या टकळीनें हटेल या समजुतीनें कातूं नये. गिरणीशीं स्पर्धा हा त्याचा हेतु असूं शकत नाहीं. आणि गिरणी अमर असते असेंहि नाहीं. सव्वाशें वर्षें भोंगा वाजवून एम्प्रेस मिल २००२ सालीं बंद पडली, आणि ज्या हजारों कुटुंबांचें पोट तिच्यावर होतें त्यांचे हाल नागपूरनें पाहिले आहेत. कुटुंबानें कातावें तें वस्त्रामागच्या श्रमाची किंमत स्वतःच्या बोटांनीं मोजण्यासाठीं. ही किंमत दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें नीट कळत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

१९३५ सालीं गांधीजींनीं कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामास आठ आणे मिळाले पाहिजेत असा आग्रह धरला. तोंपर्यंत तिला याचा लहानसा अंश मिळत असे. खादी महाग होईल, खप बसेल, असें म्हणणारे खादीभक्तांतच पुष्कळ निघाले, आणि चरखा संघानें जी वाढ केली ती आठ आण्यांपर्यंत पोंचली नाहीं. म्हणजे ज्यांनीं चरख्याचीं गाणीं गाइलीं, त्यांनाहि कातणारीची मजुरी वाढवितांना हात आंखडावासा वाटला. आपण दुकानांत काय करतों? हातमागाचें लुगडें पसरवून घेतों, एखाद्या जागीं धागा जाड दिसला कीं नाक मुरडतों आणि शंभर रुपये कमी करा म्हणून हटून बसतों. जिनें एक गुंडी तरी सारखी कातली असेल, ती गृहिणी तो जाड धागा ओळखील. तेथें कोणाची तरी चिमटी क्षणभर उशिरां सुटली, एवढेंच तिला दिसेल.

हें ज्ञान आपल्या शेजाऱ्यांपाशीं पिढ्यान् पिढ्या आहे, आणि आपण त्यांस शिक्षक मानलें नाहीं. नागपूरचे कोष्टी व हलबा, कामठीचे मोमीन, रेशीमकांठी धोतरजोड्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें उमरेड, ऐन व अर्जुन यांच्या झाडांवर कोशाचे किडे जोपासणारे भंडाऱ्याकडील ढीवर, त्या कोशाचें कापड विणणारें आंधळगांव, लोकर कातीत मेंढरांमागें चालणारे धनगर: यांतील एकेका घरीं जें कसब आहे, त्यापुढें आमची पदवी लंगडी पडते. चार लट्या कातून आपण 'खादीसेवक' झालों असें मानणें हास्यास्पद होय. शिकावयास जावयाचें तर शिष्य म्हणून जावें, वेळेचा मोबदला द्यावा आणि चहा ज्या पेल्यांत ते घेतात त्याच पेल्यांत आपणहि घ्यावा. ही गोष्ट लिहावी लागते याचा आम्हांस खेद होतो, परंतु पुष्कळ घरांत ती अद्याप लिहावी लागते.

एकत्र कुटुंबांत हा उद्योग कसा बसवावा, याविषयीं थोडें सांगून लेख पुरा करतों. दिवेलागणीनंतर अर्धा तास ठरवावा. सगळ्यांनीं कातलेंच पाहिजे असें नाहीं. कोणी सरकी काढील, कोणी पेळू करील, कोणी तारा मोजील, कोणी मोठ्यानें वाचून दाखवील. पुरुषांनीं यांतून अंग काढूं नये. सासरे टकळी घेऊन बसले म्हणजे सुनेला तो वेळ आपल्या डोक्यावरचें आणखी एक काम वाटत नाहीं; तसें न झाल्यास हा उद्योग सुनेच्या कामांत एकाची भर घालील, आणि मग तो न केलेलाच बरा. प्रत्येकाची गुंडी निराळी ठेवून तीवर नांव व तारीख लिहावी. सहा महिन्यांनीं पहिली व शेवटची शेजारीं ठेवून पाहिल्यास उपदेशाची गरज उरत नाहीं. मुलाचें सूत वाईट आहे असें म्हणण्यापूर्वीं वडिलांनीं आपलें दाखवावें. केवळ २ ऑक्टोबरला चरख्यापुढें बसून छायाचित्र काढून घेण्याची चाल अलीकडे फार पडली आहे; त्यापेक्षां त्या दिवशीं शेजारच्या विणकराचें मागचें राहिलेलें बिल चुकतें केलेलें बरें.

सर्वांचें सूत मिळून आठ-दहा गुंड्या जमल्या म्हणजे तें विणकराकडे द्यावें, विणाई तो सांगेल ती द्यावी, आणि पहिला पंचा घरांतल्या त्या आत्याबाईंस किंवा काकूंस द्यावा, जिनें कापूस विंचरावयास शिकविलें. पुढील अंकीं पळसाच्या फुलांनीं व मंजिष्ठेनें घरच्या घरीं सूत कसें रंगवावें, याविषयीं लिहिण्याचा आमचा विचार आहे. तोंवर वाचकांनीं निदान एक लटी पुरी करून ठेवावी. रंगवावयास कांहीं तरी हातांत असलें पाहिजे.